तुझं ‘मी’ माझ्या तोंडी

प्रिय टाचणी,

कागद खरखरीत लागला तर दोष मला देऊ नकोस. एकमेकींवर घासू नयेत म्हणून दोन काचांच्या मध्ये घालतात ना, तो हा कागद. दुकानात दुसरा नाही, आणि घरी बसून लिहायचं तर आई दर दोन मिनिटांनी विचारणार, काय लिहितोस, कोणाला लिहितोस, आधी जेव आणि मग लिही. म्हणून जेवणाच्या सुट्टीत काच कापायच्या टेबलाच्या एका टोकाला बसलोय. दुसऱ्या टोकाला मालक डबा उघडून बसलेत आणि माझ्याकडे बघून त्यांना भलतीच मजा येतेय. “हल्ली पत्र कोण लिहितं रे? फोन तुटलाय की नातं?” असं विचारून झालंय. तुझा नंबर माझ्याकडे आहे. पण फोनवर दुसऱ्याच वाक्याला माझा आवाज चढेल आणि तिसऱ्याला तू फोन ठेवशील. कागद तसा मधेच ठेवता येत नाही. फाडता येतो. फाड, पण वाचून फाड.

परवा आपले अरबीचे अर्धचष्मा सर दुकानात आले होते. खरंच आले, पायी, छत्री काखेत मारून, नाकाच्या टोकावर तो अर्धा चष्मा तसाच. मला आधी वाटलं काच हवी असेल. मालकांनाही तेच वाटलं. “बोला साहेब, किती बाय किती?” सर म्हणाले, “मला हा मुलगा हवाय, थोडा वेळ.” मालक म्हणाले, “न्या की. पण तडकलेला आहे, परत घेणार नाही.” सर मनापासून हसले. मी नाही हसलो.

बाहेर फुटपाथवर उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. तुला तिकडची शिष्यवृत्ती मिळालीये. दोन वर्षं, जिथे रस्त्यावरच्या पाट्यासुद्धा अरबीत असतात तिथे. सगळं झालंय, फक्त तोंडी परीक्षा राहिलीये, आणि ती जोडीनेच द्यायची असते. तुझा जोडीदार मी. कॉलेज सोडून गेलेला, पण सोडल्याचा अर्ज न दिलेला, म्हणून पटावर अजून जिवंत असलेला. सरांनी दुसरी मुलगी बसवून बघू म्हटलं, तर बाहेरचे परीक्षक म्हणाले, वर्षभर ज्याच्याबरोबर काम केलं तो जोडीदार आणा, नाहीतर पुढच्या वर्षी बसा. पुढच्या वर्षापर्यंत शिष्यवृत्ती थांबणार नाही. सर चष्म्यावरून बघत म्हणाले, “तू सोमवारी आलास तर ती जाईल. नाही आलास तर राहील.” त्यांना कळलंसुद्धा नाही ते माझ्या हातात काय देऊन गेले.

मी नाही म्हणालो, त्यांच्या तोंडावर. आत आलो आणि आरशाची आख्खी शीट बरबाद केली. काच कापायचा हिरा सरळ रेषेत एकदाच ओढायचा असतो, मधे थांबायचं नाही, दोनदा फिरवायचा नाही. मी दोनदा फिरवला. मालक म्हणाले, “तुझा राग हातात उतरतो बघ. डोक्यात राहिला असता तर परवडलं असतं.”

खरं सांगू? नाही म्हटल्यावर पहिला तासभर मला इतकं बरं वाटलं की लाज वाटावी. काही करायचं नाही, फक्त सोमवारी घरी बसायचं, आणि तू इथेच. त्याच बसथांब्यावर, तीच निळी पिशवी. मी काय तुला अडवलं? मी तर कॉलेजच सोडलेला माणूस, माझा काय संबंध? तास संपला आणि ते बरं वाटणं आंबलं. तेव्हापासून माझं जेवण नाही, झोप नाही, डोकं ठिकाणावर नाही. तू इथे राहशील आणि माझ्याकडे कधी बघणार नाहीस. तू तिकडे जाशील आणि तरीही कधी बघणार नाहीस. दोन्हीकडून मीच मरतोय, फक्त एकीकडे तुला सोबत घेऊन.

वर्गाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण त्याशिवाय तुला हे पत्र कळणार नाही, आणि मला तर मुळीच नाही. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आठवतं? “स्वतःबद्दल माणूस कुठल्याही भाषेत थापाच मारतो. म्हणून माझ्या वर्गात स्वतःबद्दल कोणी बोलायचं नाही.” आणि जोड्या पाडल्या. वर्षभर जोडीदाराला विचारायचं, ऐकायचं, ते अरबीत बसवायचं, आणि शेवटी परीक्षकांसमोर जोडीदार होऊन बोलायचं. त्याचं घर माझं घर, त्याची आई माझी आई. ‘अना’ म्हणायचं, मी, आणि सांगत सुटायचं. खरा माणूस शेजारच्या खुर्चीत गप्प बसलेला, त्याला मान हलवायचीही बंदी. आपल्या वर्गातला तो गोगलगाय पहिल्यांदा उभा राहिला तेव्हाचं आठवून मला अजून हसू येतं. “अना… अना… अना…” आणि पुढे काही नाहीच. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, “अरे कोण आहेस ते तरी सांग, आम्ही तुला घरी सोडतो!”

आणि आपण दोघं बसथांब्यावर तो ‘ऐन’ अक्षराचा घशातला उच्चार घोटत बसायचो. तू म्हणायचीस, गिळल्यासारखा कर. मी म्हणायचो, उलटी आल्यासारखा होतोय. शेवटी त्या आजीबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून मला दिली आणि तुला रागावल्या, “अगं, नवऱ्याला ठसका लागलाय आणि हसतेस काय?” तू त्यांना सांगितलं नाहीस की मी तुझा कोणी नाही. बस येईपर्यंत सांगितलं नाहीस. मी ते आजवर जपून ठेवलंय. तुझ्या लक्षातही नसेल.

सर म्हणायचे, संस्कृती म्हणजे नाच, गाणी, कपडे लिहून आणाल तर शून्य देईन. घरात आधी कोण जेवतं ते सांगा. कोण कोणाला नावाने हाक मारत नाही, रडायचं झालं तर कोण कुठे जातं, ते सांगा. मग आपण एकमेकांची घरं उपसायला लागलो. तुझ्या घरातली ती एकच लांबट खोली, खिडकीला लागून शिलाईचं मशीन, दांडीवर गिऱ्हाइकांचे कपडे, आणि त्या कपड्यांखाली तुझं अभ्यासाचं स्टूल. आई तोंडात टाचण्या धरून बोलते, त्यामुळे तुमच्या घरातलं निम्मं बोलणं ओठांच्या फटीतून होतं. टाचण्या काढून तिने उशीत खोचल्या की समजायचं, आता काहीतरी गंभीर आहे. हे मी अरबीत बसवलं तेव्हा टाचणीसाठीचा शब्द शोधायला आपल्याला आख्खी दुपार लागली आणि त्या दिवसापासून तुझं नाव पडलं. दुसरं मी बसवलं ते तुझ्या वडिलांचं. ‘माझे वडील दुसऱ्या घरात राहतात. त्या घराचं दार मी पाहिलंय, खोली पाहिलेली नाही.’ बसमध्ये उभ्याने मी हे पुटपुटत होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, बायकामाणसं बघायला लागली. आपल्या भाषेत मी ‘मी जाते, मी बघते’ म्हणत तुझी नक्कल केली असती तर वर्ग खिदळला असता. त्या भाषेत जातो काय आणि जाते काय, ‘मी’ म्हटलं की एकच. मी तुझ्यात शिरलो तो शिरलोच. बाहेर यायची वाट सरांनी शिकवली नव्हती.

माझ्या घराचं मात्र मी तुला लवकर सांगितलं नाही. वडील ड्रायव्हर आहेत एवढंच. काय चालवतात ते तू विचारत राहिलीस. ट्रक? बस? मी चिडायचो, म्हणून तर माझं नाव भडका, आणि तू त्या शांत आवाजात म्हणायचीस, बरं, भडका, पुढच्या आठवड्यात विचारते. शेवटी मी सांगितलं ते अरबीतच सांगितलं. माझे वडील मेलेल्यांची गाडी चालवतात. आपल्या भाषेत हे वाक्य माझ्या तोंडातून कधी निघालं नव्हतं. आपल्या भाषेत माझ्याकडे लपायला जागा फार. अरबीत माझ्याजवळ मूठभर शब्द, त्यांच्यामागे कोण लपणार? मग सगळंच निघालं. शाळेतली पोरं म्हणायची, तुझ्या बापाच्या गाडीतला माणूस कधी तक्रार करत नाही. बाबा घरी आले की मागच्या नळाखाली अंघोळ करून, कपडे बदलून, पुढच्या उघड्या दारावर टकटक करतात आणि आईने ‘या’ म्हटल्यावरच आत येतात. स्वतःच्याच घरात. आणि ते स्वतःहून बोलेपर्यंत त्यांना कोणी काही विचारत नाही. आज दिवस कसा गेला, हा प्रश्न आमच्या घरात कोणी कोणाला विचारलेला नाही.

हे तुला सांगितलं होतं. तुला. त्या बसथांब्यावर.

आणि सरावाच्या दिवशी तू वर्गासमोर उभी राहिलीस, मी बाजूच्या खुर्चीत, आणि माझ्या बाबांची गाडी, घराची टकटक, नळ, आई, सगळं तू इतकं नीट सांगितलंस की मलाच माझं घर बघावंसं वाटलं. मग सरांनी शेवटचा प्रश्न विचारला, जो ते सगळ्यांना विचारतात. कोणावाचून तू तू राहणार नाहीस? तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, “माझ्या वडिलांवाचून. मला त्यांची लाज वाटते, आणि त्यांच्यावाचून मी कोणीच नाही.” पहिलं वाक्य मी कधीतरी चिडून बोललो होतो. दुसरं मी बोललोच नव्हतो. ते तू लावलंस. मागून कोणीतरी हळूच शेजाऱ्याला विचारलं, “गाडी? कसली गाडी?” आणि मी उठलो. खुर्ची पडली, ती उचलली नाही. जिन्यावरून उतरताना तू मला हाक मारलीस ती ऐकली. आजही त्या उठण्याबद्दल मला पश्चात्ताप नाही, तेव्हा माफीची वाट बघू नकोस. माझी आतली गोष्ट चारचौघांत गेली आणि ती घेऊन जाणारी तू होतीस. मला कोणीतरी अंगावरची कातडी काढून दांडीवर टांगल्यासारखं झालं, तुमच्या गिऱ्हाइकांच्या कपड्यांसारखं.

त्यानंतर मी इथे आहे. सकाळी शीटा उतरवायच्या, कडा घासायच्या, लोकांच्या खिडक्यांची मापं घ्यायला जायचं. लोक फार मजेशीर असतात. आरसा लावून घेताना म्हणतात, जरा वर, जरा खाली, आणि एकदा लावला की त्यात आधी मला बघतात, मग स्वतःला. आणि टाचणी, मी अजून अरबीतच विचार करतो. वेड्यासारखं. पण स्वतःचा नाही. तुझा. काच पुसताना तोंडातून येतं ते ‘माझी आई कपडे शिवते’. मालकांना वाटतं मी मंत्र म्हणतोय. त्यांनी एकदा विचारलं, “कसला आहे रे? काच फुटू नये म्हणून असेल तर मोठ्याने म्हण.”

आता आज सकाळचं सांगतो. सरांना नाही म्हणून बसलेला मी, न झोपलेला, शटर वर करतोय तर समोर बाबांची गाडी उभी. मागच्या दाराची काच फुटली होती. बाबांना माहीत आहे मी या दुकानात आहे, पण ते इकडे कधी फिरकले नव्हते, मीच तशी वेळ येऊ दिली नव्हती. मालकांनी गाडी बघितली, मला बघितलं, आमची दोघांची नाकं बघितली आणि चहा सांगायला निघून गेले. मी माप घेतलं. जुन्या काचेचे तुकडे काढायला मला त्या गाडीत मागे शिरावं लागलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आत काही नाही गं. एक लांब पत्र्याची बैठक, फिनेलचा वास, खिळ्याला अडकवलेलं स्वच्छ फडकं. बाबा बाहेरून म्हणाले, “पाय जपून. तिथे सगळे आडवेच येतात, उभ्याने डोकं आपटतं.” आणि खरंच आपटलं.

काच बसवत होतो तेव्हा त्यांनी विचारलं. सर आमच्या घरीही जाऊन आले होते म्हणे, तू बाबांबद्दल बोललीस आणि मी उठून गेलो एवढं सांगून. “ती मुलगी त्या भाषेत माझ्याबद्दल काय बोलली रे?” आमच्या घरात कोणी कोणाला काही विचारत नाही, आणि त्यांनी विचारलं. माझ्या हातात काच होती, टाकून पळता येत नव्हतं. मी सांगितलं. दोन्ही वाक्यं, जशीच्या तशी, आपल्या भाषेत, त्यांच्याकडे न बघता. बाबांनी काचेभोवतीची रबराची पट्टी दाबून बसवली. मग म्हणाले, “त्या भाषेत म्हणून दाखव.” मी म्हटलं. ते कान देऊन ऐकत राहिले, गाडीचं इंजिन ऐकतात तसे. “पुन्हा म्हण.” पुन्हा म्हटलं. “लाजेचं आधी आहे का त्यात?” मी म्हटलं, हो. “आणि नंतरचं?” मी म्हटलं, नंतरचं नंतर. ते म्हणाले, “मग बरोबर आहे. मला वाटलं नुसतं पहिलंच बोलली, म्हणून तू कॉलेज सोडलंस.” मग चहा आला. बशीत ओतून प्यायले, तोंड पुसलं, नवीन काचेवर बोटाने टकटक केली आणि जाता जाता म्हणाले, “आणि तू तिच्याबद्दल काय बोलणार होतास?”

गाडी गेली तरी मी उभाच. तुझी खोली मला येते, तुझी आई येते, न पाहिलेली ती दुसऱ्या घरातली खोलीसुद्धा येते. पण त्या शेवटच्या प्रश्नापाशी माझ्याकडे काहीच नाही. वर्षभर मी विचारायचो, तेवढंच राहिलंय, सांग ना. तू म्हणायचीस, ते शेवटी. मग तुझी बस यायची. सरावाच्या दिवशी तू आधी बोललीस आणि माझी पाळी यायच्या आत मी निघून गेलो. म्हणजे तू माझं संपूर्ण बोललीस, आणि तुझं शेवटचं वाक्य मी कधी ऐकलंच नाही.

म्हणून हे पत्र. सोमवारी मी येतोय, सरांना अजून सांगितलेलं नाही, आधी तुला सांगतोय. माझ्याबद्दलची दोन्ही वाक्यं तशीच बोल, माझ्यावर दया करून एकही गाळू नकोस, या वेळी मी खुर्चीतून उठणार नाही. पण परीक्षक मला तुझा शेवटचा प्रश्न विचारतील, आणि तू शेजारी गप्प बसलेली असशील. मी तुझ्या आईचं नाव घेऊ शकतो, कोणालाही पटेल. मी माझंच नाव घेऊ शकतो, तुला मान हलवायची बंदी असेल, आणि तू मला ओळखतेस, तेवढा निर्लज्जपणा माझ्यात आहे. परवापासून मी तोच विचार करत होतो. नाही करणार. तुझ्या ‘मी’ला माझ्या तोंडून खोटं बोलायला लावणार नाही. तेव्हा उत्तर कळव, रविवारपर्यंत, आपल्या भाषेत कळव, अरबीत मी बसवतो. कोणाचंही नाव असू दे. तिकडे कोणी असेल तर तो असू दे, कोणीच नसेल तर तेही लिही, मी पाठ करीन आणि आवाज न चढवता म्हणेन. आणि ते नाव चुकून माझं असेल, तर तेही लिही. मी तेही म्हणेन, तू पास होशील, आणि जाशील. दोन्हीकडून तू जाणारच आहेस, टाचणी. पण कोणाला मागे ठेवून जातेयस, ते मला एकदा तू होऊन म्हणू दे.

सोमवारपुरता तू, आणि एरवी तुझाच,
भडका